चीनच्या राष्ट्रगीतात पक्ष कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशोदेशींच्या राष्ट्रगीतांची ओळख करून देणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख वाचनीय आहे. परंतु चीनच्या राष्ट्रगीताची बोळवण त्यात 'माओच्या सत्तेने १९४९ साली पक्षाच्या प्रचारासाठी लिहून घेतलेले गीत' एवढ्या एका वाक्यात केली आहे आणि ते वाक्य चुकीचे आहे. मी सोलापूरचा. जपानविरुद्धच्या युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या काळातल्या चीनबद्दल कुतूहल असतेच, म्हणून हे पत्र.

हे गीत माओंच्या राज्याहून चौदा वर्षांनी मोठे आहे. १९३५ च्या मे महिन्यात शांघायमध्ये प्रदर्शित झालेल्या एका बोलपटाचे ते गाणे. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने ईशान्य चीनमधला मांचुरिया गिळायला सुरुवात केली, पुढच्याच वर्षी तिथे नामधारी राज्य उभे केले, आणि चँग कै-शेकचे सरकार मात्र आधी घरातल्या कम्युनिस्टांचा बंदोबस्त, मग जपान्यांचा, अशा हिशेबाने चालले होते. सरकारी सैन्य मागे हटल्यावर ईशान्येकडे शेतकरी, विद्यार्थी आणि विखुरलेले शिपाई यांनी आपणहून बंदुका उचलल्या. त्यांच्या त्या फौजांवरून गीताला नाव मिळाले. आपल्या लेखात त्याचे भाषांतर 'स्वयंसेवकांची कूच' असे आहे; शब्दकोशाप्रमाणे ते बरोबरही असेल, पण आपल्याकडे स्वयंसेवक म्हटले की संमेलनाच्या मांडवात पाणी वाटणारी मुले डोळ्यांपुढे येतात. तिथे अर्थ आहे तो कुणी हुकूम न देता लढायला निघालेल्यांचा.

शब्द कवी आणि नाटककार त्येन हान यांचे. बोलपटाची कथाही त्यांचीच: मांचुरियातून शांघायला आलेला एक कवी शहरी सुखात रमतो आणि लढायला गेलेला मित्र मारला गेल्यावर स्वतः त्या फौजेत दाखल होतो. काम अर्धवट असतानाच, फेब्रुवारी १९३५ मध्ये, त्येन हान यांना चँगच्या सरकारने अटक केली. चाल बांधली न्ये अर या तेवीस वर्षांच्या तरुणाने. युन्नान प्रांतातल्या कुनमिंगच्या या मुलाचे आडनाव जुन्या चिनी लिपीत लिहिताना 'कान' हे चिन्ह तीनदा येते, आणि त्याने स्वतः घेतलेल्या 'अर' या नावाचा अर्थही कान! एकदा ऐकलेला सूर हा माणूस विसरत नसे, असे त्याचे मित्र सांगत. आपल्यालाही अटक होणार अशी चिन्हे दिसताच तो एप्रिलमध्ये जपानला निघून गेला. म्हणजे जपानविरुद्धच्या या गीताच्या चालीवर शेवटचा हात फिरला तो जपानमध्येच. तिथून त्याने स्वरलिपी शांघायला पाठवली आणि १७ जुलै १९३५ रोजी फुजिसावाजवळच्या समुद्रात पोहताना तो बुडाला. त्याचे स्मारक आजही त्या किनाऱ्यावर आहे.

आता पक्षाच्या प्रश्नाकडे येतो. त्येन हान आणि न्ये अर दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु गीताच्या शब्दांत पक्ष नाही, नेता नाही, लाल झेंडाही नाही. गुलाम होणे ज्यांना मान्य नाही त्यांनी उठावे, रक्तामांसाची नवी भिंत उभारावी, राष्ट्रावर सर्वांत धोक्याची वेळ आली आहे, शत्रूच्या तोफांना सामोरे चला: एवढाच त्याचा आशय. गंमत अशी की त्या काळात चँग कै-शेकच्या पक्षाचे जे गीत राष्ट्रगीत झाले, आणि त्याचे सरकार पुढे जिथे गेले त्या तैवानमध्ये आजही आहे, त्या गीताच्या आरंभीच 'आमचा पक्ष' हे शब्द येतात. पक्षगीत म्हणायचे तर ते त्याला म्हणावे लागेल.

या मोकळेपणामुळेच ते पसरले. १९३६ मध्ये ल्यू ल्यांगमो हे ख्रिस्ती युवक संघटनेचे कार्यकर्ते शांघायच्या मैदानांवर हजारोंच्या जमावाला देशभक्तीची गाणी शिकवत होते. १९३७ मध्ये युद्ध भडकल्यावर चँगच्या फौजांतले सैनिकही हे गीत म्हणू लागले. कोटणीस आणि त्यांचे सहकारी १९३८ मध्ये चीनला पोचले ते याच दिवसांत. पुढे ल्यू अमेरिकेला गेले, तिथे त्यांनी ते गायक पॉल रोबसन यांना शिकवले, आणि रोबसन यांनी ते चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गाऊन १९४१ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका काढली.

१९४९ मध्ये नव्या राज्यासाठी राष्ट्रगीताच्या रचना मागवल्या गेल्या. सहाशेहून अधिक प्रवेशिका आल्या, पण पसंत एकही पडली नाही. तेव्हा चित्रकार शू बेहोंग यांनी हे जुने गीत सुचवले. देश मुक्त झाल्यावर 'सर्वांत धोक्याची वेळ' कशासाठी, असा आक्षेप काहींनी घेतला. शब्द बदलले तर भावनाही जाईल, असे म्हणून पुढे पंतप्रधान झालेले चौ एन-लाय यांनी मूळ शब्दांचा आग्रह धरला. २७ सप्टेंबर १९४९ रोजी गीत स्वीकारले गेले, तेही अधिकृत गीत ठरेपर्यंत तात्पुरते म्हणून. हे 'लिहून घेणे' नव्हे.

उलट, पुढे सत्तेला ते जड गेले. माओंनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत त्येन हान यांच्या एका ऐतिहासिक नाटकावर ठपका आला, त्यांना कैदेत टाकले गेले आणि १० डिसेंबर १९६८ रोजी कैदेतच त्यांचा अंत झाला. कवी गुन्हेगार ठरल्यामुळे त्याचे शब्द म्हणणे अशक्य झाले. समारंभांत नुसती चाल वाजे आणि लोक गात ते माओंना सूर्य ठरवणारे दुसरेच गाणे. मार्च १९७८ मध्ये त्याच चालीवर नवे शब्द बसवण्यात आले आणि त्यात कम्युनिस्ट पक्षही आला, माओंचे निशाणही आले. लेखकाला अभिप्रेत असलेले पक्षाचे राष्ट्रगीत अस्तित्वात होते ते या काळात, पावणेपाच वर्षे. ४ डिसेंबर १९८२ रोजी त्येन हान यांचे मूळ शब्द परत आणले गेले. २००४ मध्ये गीताला राज्यघटनेत स्थान मिळाले. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने जाहिरातीत किंवा खाजगी अंत्ययात्रेत ते वाजवण्यास बंदी आहे, आणि त्याच वर्षी फौजदारी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार हेतुपुरस्सर अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जून २०२० मध्ये हाँगकाँगनेही असाच कायदा केला.

अवमानाची शिक्षा कायद्याने ठरवता येते; गीत मनापासून म्हणणाऱ्यांचे काय करावे, हा प्रश्न अधिक अवघड निघाला. एप्रिल २०२२ मध्ये शांघाय करोनाच्या टाळेबंदीत असताना गुलामी नाकारणारी ती पहिली ओळ समाजमाध्यमावर फिरू लागली, तेव्हा तिचा शोध घेण्याची सोयच बंद करण्यात आली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला वायव्य चीनमधल्या उरुम्ची शहरातल्या एका इमारतीला आग लागून दहा माणसे मेली; टाळेबंदीमुळेच त्यांची सुटका झाली नाही, असा लोकांचा रोष होता. दुसऱ्या रात्री टाळेबंदी उठवा म्हणून रस्त्यावर आलेल्या जमावाने जे गायले, ते हेच राष्ट्रगीत होते.

पुढील अंकात दुरुस्ती छापणार असाल तर साल १९३५ आणि शहर शांघाय असे द्यावे, आणि त्येन हान व न्ये अर यांची नावेही द्यावीत. मूळ लेखात ती कुठेच आलेली नाहीत.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर