सईच्या शाळेचं गॅदरिंग बघायला येताना

तीर्थरूप आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली, बरं झालं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही इथे कोरियात, सुवॉनला पोचाल आणि त्याच आठवड्यात सईच्या शाळेचं 'चुक्चे', म्हणजे शाळेचा उत्सव, आहे. आई, तू फोनवर विचारलंस की इंग्रजी सिनेमात दाखवतात तसा मुलामुलींचा जोडीजोडीने नाच असतो का. नसतो. कोरियाच्या साध्या शाळांत प्रॉम हा प्रकारच नाही. काही आंतरराष्ट्रीय शाळांत असतो, तेवढाच. नाच मात्र भरपूर आहे. तो स्टेजवर, महिनाभर बसवलेला, आणि खाली बसलेली आख्खी शाळा घसा फुटेस्तोवर ओरडणार. थोडक्यात आपलं गॅदरिंग. फक्त पाहुण्यांची भाषणं जवळजवळ नाहीत, हे बाबांना आवडेल.

ऑक्टोबरच का, ते सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. इथे शाळा मार्चमध्ये सुरू होते. सहामाहीच्या मधल्या परीक्षा एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, शेवटच्या जुलै आणि डिसेंबरमध्ये. मुलांची सगळी मौज या चार परीक्षांच्या फटीत बसवलेली असते. एप्रिलची परीक्षा संपली की मे महिन्यात क्रीडादिन, ऑक्टोबरची संपली की चुक्चे. काही शाळा ते डिसेंबरच्या परीक्षेनंतर उरकतात. नाचाचे गट परीक्षेच्या आधी गाणं ठरवून ठेवतात आणि खरी तालीम परीक्षा संपल्या संध्याकाळी सुरू होते. हातात जेमतेम दोन-तीन आठवडे.

दिवसाचे दोन भाग. सकाळी वर्गावर्गांत स्टॉल, दुपारनंतर 'कांगदांग'मध्ये कार्यक्रम. कांगदांग म्हणजे सभागृह आणि व्यायामशाळा एकातच. स्टॉलमध्ये हटकून एक भुताचं घर असतं. खिडक्यांना काळ्या कचऱ्याच्या पिशव्या कापून चिकटवतात, बाकं एकावर एक रचून वाकडीतिकडी वाट करतात, आणि मुलं पांढरी पावडर फासून बाकांखाली दबा धरतात. हे फसतं दोन कारणांनी. दाराच्या वरची काच झाकायला विसरतात, मग भूत स्वच्छ उजेडात दिसतं. किंवा रांग लांबली म्हणून घाईघाईने माणसं आत सोडतात. मागचे पुढच्यांना गाठतात आणि सगळे मिळून हसत सुटतात. एका वेळी तीन-चार जण आणि मध्ये दोन मिनिटांचं अंतर, एवढं पाळलं तर चांगलं होतं. बाबा, तुम्ही आत जाऊ नका. घाबरण्यासारखं काही नाही, पण अंधारात बाकांचे पाय लागतात.

आता नाच. सई डान्स-क्लबात आहे, म्हणजे चाचणी देऊन आत गेलेली आहे. बहुतेक शाळांत हे क्लब मुलंच चालवतात, शिक्षक नावापुरते. शिकायची पद्धत ठरलेली: मूळ गाण्याच्या तालमीचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो आरशासारखा उलटा करायचा. का? नाचणारी समोर तोंड करून उभी असते, तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. उलटा केला की तिच्यासमोर उभं राहून जसंच्या तसं करता येतं. मग वेग निम्म्यावर आणून आठ-आठ मोजत एकेक तुकडा. गोंधळ होतो तो इथेच. एखादी घरी साधाच व्हिडिओ बघून आलेली असते, आणि मग पाच जणींच्या रांगेत चौघींचे हात उजवीकडे, हिचा एकटीचा डावीकडे. तालमीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकच फाइल पाठवली की ही भानगड टळते.

दुसरी अडचण जागांची. नऊ जणींचं गाणं सहा जणींनी करायचं, म्हणजे कोण कुठून कुठे सरकणार हे सगळं नव्याने बसवावं लागतं. मधल्या जागेला 'सेंटर' म्हणतात. ती सतत बदलत असते आणि तिच्यावरून रुसवेफुगवे होतातच. तालीम भाड्याच्या, आरसे लावलेल्या खोलीत. तासाला साधारण दहा हजार वॉन, सगळ्यांनी वाटून. पण खोली अरुंद आणि स्टेज रुंद! त्यामुळे ऐनवेळी सगळ्या जणी मध्ये गोळा होतात आणि दोन्ही कडा ओस पडतात. यावर उपाय म्हणजे स्टेजच्या पुढच्या कडेला मीटरमीटरवर रंगीत टेप. मधला शून्य, तिथून दोन्हीकडे एक, दोन, तीन. प्रत्येकीने आपला आकडा पाठ करायचा. गाणी कापून तीन-चार मिनिटांची माळ करतात. फाइलच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंद शांतता ठेवायची असते, नाहीतर मुली उभ्या राहीपर्यंत पहिला ठेका निघून जातो. व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर नवे बूट घसरतात, म्हणून वापरलेलेच घालायचे. सगळ्यात मोठा आरडाओरडा मात्र या मुलींच्या वाट्याला येईलच असं नाही. मध्येच गणिताचे सर नाचायला आले तर तो त्यांना.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. सगळ्या शाळा बाहेरच्यांना आत घेत नाहीत. या वेळी पालकांना बोलावलंय. फाटकावर नाव लिहून बिल्ला घ्यावा लागेल, पासपोर्ट जवळ ठेवा. आत बाहेरचे जोडे चालत नाहीत. पाहुण्यांसाठी सपाता असतात पण त्या बाबांच्या मापाच्या नसतील, घरच्या घेऊन या. आणि स्वेटर आणाच. दुपारी ऊन बरं वाटतं, संध्याकाळी चांगलाच गारठा पडतो.

आई, तिथल्या मुली ओठांना रंग लावून शाळेत दिसतील. काही बोलू नकोस. आमच्या ग्योंगी प्रांताने २०१० साली, देशात सगळ्यांत आधी, विद्यार्थ्यांच्या हक्कांची नियमावली केली. केस किती लांब ठेवायचे यावरून मुलांना धरणं त्यानंतर कमी झालं. फोनचं मात्र उलट झालंय: २०२६ च्या मार्चपासून वर्गात फोन वापरायला देशभर कायद्यानेच बंदी.

बाबा, सई रात्री दहाला घरी येते म्हणून तुम्ही नाराज आहात. ती फिरत नसते, 'हागवॉन'ला, म्हणजे क्लासला असते. आमच्याकडे आणि सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद करायचे असा नियम आहे. नियम करावा लागला यातच काय ते समजा. दहा वाजता क्लासच्या इमारतींखाली मुलांना घरी सोडणाऱ्या पिवळ्या गाड्यांची रांग लागते. मुलं मधल्या सुट्टीत किंवा सुटल्यावर 'प्योनीजॉम'मध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात शिरतात. कपातल्या नूडल्सवर दुकानातल्याच नळाचं उकळतं पाणी, तीन मिनिटं झाकण, सोबत समुद्री शेवाळात गुंडाळलेला तिकोनी भात. पंधरा मिनिटांत खाणं आणि दिवसभराच्या गप्पा उरकतात. इथल्या मुलांचा कट्टा तो हाच.

बाकी मौज शनिवारी. नाणी टाकून गायच्या छोट्या खोल्या असतात, हजार वॉनला दोन-तीन गाणी. तिथे आणि कॉम्प्युटर गेमच्या दुकानांत एकट्यादुकट्या शाळकरी मुलांना रात्री दहानंतर थांबता येत नाही. फोटोची खोली तर प्रत्येक गल्लीत. 'इनसेंग-नेकट' हे खरं एका कंपनीचं नाव, 'आयुष्यातल्या चार चौकटी' असा अर्थ, पण आता सगळ्याच फोटो-खोल्यांना तेच म्हणतात. चार-पाच हजार वॉन टाकायचे, भिंतीवरचे सशाचे कान किंवा मोठाले चष्मे चढवायचे, कॅमेरा काही सेकंदांच्या अंतराने आपोआप फोटो काढत जातो. त्यातले चार निवडायचे. निवडायलाही घड्याळ लागलेलं असतं. मुली वाद घालत बसल्या तर मशीन स्वतःच निवडतं. तुम्हा दोघांना घेऊन जायचं सईने ठरवलंय. सशाचे कान घालावे लागतील.

मैत्रीचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. 'चिंगू' म्हणजे मित्र, पण तो शक्यतो आपल्याच वयाचा. एका वर्षाने मोठी असली की ती 'सोनबे' किंवा ताई. तिच्याशी अहो-जाहो, तिने परवानगी दिली तरच अरे-तुरे. त्यामुळे ओळख झाली की वय आधी विचारतात. तुम्हालाही विचारतील, राग मानू नका.

मार्चच्या पहिल्या दोन आठवड्यांत वर्गात गट पडतात आणि ते वर्षभर टिकतात. तिघींचा गट सगळ्यांत नाजूक. सहलीच्या बसमध्ये जागा दोन-दोनच्या, त्यामुळे एकीला दुसऱ्या कुणाशेजारी बसावं लागतं आणि भांडण तिथून सुरू होतं. शहाण्या मुली येताना-जाताना जागा बदलायचं आधीच ठरवतात. वाळीत टाकलेल्या मुलाला 'वांगत्ता' म्हणतात. हल्ली ते काकाओटॉकच्या, म्हणजे इथल्या व्हॉट्सअॅपच्या, गटावर चालतं: एकाला गटात ओढून सगळ्यांनी मिळून शिव्या द्यायच्या, किंवा त्याला आत ठेवून बाकीच्यांनी एकदम बाहेर पडायचं. अशा वेळी गट सोडायच्या आधी पडद्याचे फोटो काढून ठेवायचे, पुरावा तोच. शाळेतच मिटली नाहीत तर २०२० पासून अशी प्रकरणं शिक्षण कार्यालयातल्या समितीकडे जातात, आणि शिक्षेची नोंद आता कॉलेजच्या प्रवेशात धरतात.

आणि हो, आई, प्रेमप्रकरणं. असतात, बऱ्याचदा लपूनछपून. आधी 'सम' म्हणजे नुसती चुळबुळ, मग एकाने रीतसर सांगायचं, आणि होकार मिळाला की तो दिवस पहिला. शून्य नाही, पहिला. म्हणून शंभरावा दिवस नव्याण्णव दिवसांनी येतो. यात चुकून भेट एक दिवस उशिरा दिली की संपलंच. फेब्रुवारीच्या १४ ला मुली चॉकलेट देतात, मार्चच्या १४ ला मुलं बदल्यात गोड गोळ्या देतात, आणि ज्यांना दोन्हीकडून काही नाही ती एप्रिलच्या १४ ला काळ्या रश्श्यातल्या नूडल्स खातात. तुम्ही इथे असताना ११ नोव्हेंबर येईल. ११-११ म्हणजे चार काड्या, म्हणून त्या दिवशी काडीसारखी चॉकलेट-बिस्किटं वाटतात. ती मैत्रिणींनाही देतात, शिक्षकांनाही. तेव्हा सईच्या दप्तरात सापडली तर लगेच चौकशी लावू नका.

त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या मध्यावरच्या एका गुरुवारी, बारावीची 'सुनुंग' परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याच्या पेपरात देशभर विमानांची उड्डाणं थांबवतात, एवढं तिचं प्रस्थ. डान्स-क्लबातल्या धाकट्या मुली मोठ्यांना त्या आधी चिकट गोड 'योत' देतात, कारण कोरियन भाषेत चिकटणं आणि पास होणं याला शब्द एकच. शेवाळाचं सूप त्या आठवड्यात कुणी करत नाही. ते बुळबुळीत, आणि घसरणं म्हणजे नापास होणं. सईला चार सोनबेंना काहीतरी द्यायचंय. येताना गुळाची चिक्की आण, शेंगदाण्याची, किलोभर. कुरकुरीत नको, दाताला चिकटणारी बघून घे.

तुमची,
मनू