अ‍ॅक्रिंग्टनच्या त्या अनोळखी माणसांचे आभार

शनिवारी इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली या फुटबॉल क्लबच्या क्राउन ग्राउंडवर आम्ही पाहुण्या संघाचे पाठीराखे होतो. गोलामागच्या आमच्या पायऱ्यांवर छप्पर नाही, सामना उभ्यानेच बघायचा, आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. बाबांचे गुडघे दुखताहेत हे मैदानावर प्रेक्षकांची व्यवस्था बघणाऱ्या एका स्टुअर्डताईंनी न सांगता ओळखलं. त्यांना आडोशाला खुर्ची दिली, मध्यंतरात चहाही आणून दिला.

लाल मफलरवाले ते दोन आजोबा तर यजमानांकडचे. त्यांचा संघ हरला होता, तरी त्यांनी आम्हाला गाडीने स्टेशनवर सोडलं. 1962 मध्ये जुना क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगबाहेर गेला आणि त्याच नावाचा नवा क्लब 2006 मध्ये लीगमध्ये परतला, हे वाटेत सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

नावं विचारायची राहिलीच. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बाबा रोज तुमची आठवण काढतात.