पेपर बंद करू नकोस

लालबाग, मुंबई

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडतोय हे वाचून बरं वाटलं. पण शेवटच्या दोन ओळी मनातून जाईनात. ‘पेपर बंद केला. सगळे विकले गेलेत, काय ते मोबाइलवर कळतं.’ अग्रलेखाची कात्रणं वहीत चिकटवणारा तू, तुझ्या घरी पेपर बंद!

राग मला कळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या चाळीत आग लागली. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत शॉर्टसर्किट झालं आणि धूर वर चढला. अग्निशमन दलाचे जवान तेच सांगत होते. पण एका वाहिनीच्या मुलाने कॅमेऱ्यासमोर ‘सिलिंडरचा स्फोट’ म्हणून टाकलं आणि दुसऱ्या मजल्यावर पोळीभाजीचे डबे करणाऱ्या मावशींचं दार दिवसभर पडद्यावर फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरातही तसंच आलं. मावशींचे सिलिंडर जागच्या जागी धड होते, पण ते बघायला कोणी वर चढलं नाही. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मी त्यांच्याबरोबर पेपरच्या कचेरीत गेलो. खुलासा छापतो म्हणाले, अजून छापलेला नाही. आता त्या चाळीत कुठल्याही बातमीवर पहिला प्रश्न येतो, ‘पैसे कोणी दिले?’ अरे, इथे तर कोणी दिलेही नव्हते. नुसती घाई होती, आणि नंतर चूक दुरुस्त करायचा कंटाळा.

मला वाटतं, विश्वास असाच उडतो. दिल्लीची बातमी खरी की खोटी हे माणसाला तपासता येत नाही, पण जिन्याखालचा मीटर त्याने स्वतः पाहिलेला असतो.

पैशांचं म्हणतोस तेही खरंच. २००९ ची विधानसभा आठव. वेगवेगळ्या पेपरांत एकाच उमेदवाराची स्तुती, शब्द न् शब्द तोच, आणि ‘जाहिरात’ असं कुठेही लिहिलेलं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी सविस्तर अहवाल लिहिला, पण २०१० मध्ये कौन्सिलने तो बाजूला ठेवून नावं गाळलेला छोटा अहवाल काढला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, तोही २०११ मध्ये. पेपरवाल्यांना जाब विचारण्यासाठी असलेली संस्थाच नावं घ्यायला कचरली, याचं मला आजही वाईट वाटतं. तशीही तिला समज देण्यापलीकडे फारसा अधिकार नाही, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.

वाहिन्यांविषयी तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही. २६/११ ला कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात कडक शब्दांत सुनावलं. तरी २०२० मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर स्टुडिओतच खटला चालला आणि एका मुलीला रोज रात्री गुन्हेगार ठरवलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये या प्रकाराला न्यायदानातला हस्तक्षेप म्हटलं. २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ज्या आवाजात आरोप झाले, त्या आवाजात दिलगिरी ऐकलीस कधी?

पण ‘सगळे’ म्हणू नकोस. पत्रकार जे. डे यांना जून २०११ मध्ये पवईत भर दिवसा गोळ्या घातल्या, ते अंडरवर्ल्डविषयी लिहीत होते म्हणून. त्या खुनात छोटा राजनला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. विकला न जाणारा माणूस याच शहरात, याच धंद्यात होता. आणि तालुक्याच्या बातमीदाराकडे जरा बघ. कितीतरी जणांना बातमीमागे तुटपुंजं मानधन मिळतं आणि वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायचं टार्गेट असतं. ज्या नगराध्यक्षाकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याच तुंबलेल्या गटारांची बातमी संध्याकाळी कोणत्या तोंडाने द्यायची? त्या पोरांना सरसकट शिव्या घातलेल्या माझ्याने ऐकवत नाहीत. हे टार्गेट ज्यांनी त्यांच्या गळ्यात बांधलं, त्यांच्यावर तुझा राग निघू दे.

आणि मोबाइलवर येतं ते कोणी लिहिलं? चुकलं तर कोणाच्या कचेरीत जाशील? मावशींना निदान जायला एक पत्ता होता. तिथे आम्ही पुन्हा गेलो, अग्निशमन दलाच्या अहवालाची प्रत देऊन आलो, आणि छापेपर्यंत जात राहणार.

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षं प्रशासकाचाच कारभार होता. सभागृह नाही, स्थायी समिती नाही. अशा वेळी फाइल मागणारा, कंत्राट कोणाला गेलं ते विचारणारा बातमीदार नसेल, तर फॉरवर्ड पाठवणारे ते विचारणार आहेत का?

तुझ्या चिपळूणला नगरपरिषदेच्या सभेला हल्ली कोणी बातमीदार येऊन बसतो का? जरा चौकशी कर. बसत असेल तर तो ज्या पेपरात लिहितो तो सुरू कर, मग तो माझ्या आवडीचा नसला तरी चालेल. आणि काय कळलं ते मला लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता