ट्रक निवडून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या दिमापूर-इम्फाळ रस्त्याचा, छोट्या मॉडेल ट्रकांचा देखावा पूर्ण होऊन जागेवर गेला. फोनवर आभार मानू लागलो की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे जाहीर लिहितो आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळतो. बाकी मात्र सगळं लिहिणार.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे जिथे विचारलं, तिथे "महायुद्धातला ट्रक ना, मग कुठलाही घ्या" हेच ऐकायला मिळालं. एका दुकानात ओपेल ब्लिट्झ या जर्मन ट्रकचं किट पुढे आलं. देखावा भारतीय तुकड्यांचा आहे असं सांगितल्यावर उत्तर मिळालं, "हिरवा रंग मारा, कोणाला कळतंय?" हौसेतल्या एका ज्येष्ठांनी अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू-३५३ घ्यायला सांगितलं. कारण काय, तर तामिया या जपानी कंपनीचं किट सहज मिळतं आणि चुकत नाही. किट उत्तमच आहे, आणि सगळे प्रकार धरून साडेपाच लाखांवर बनलेली ती गाडी जवळजवळ सगळ्याच आघाड्यांवर दिसली. पण मित्र राष्ट्रांचा कुठलाही देखावा असला तरी डोळे मिटून तीच लावायची, याला निवड म्हणत नाहीत. "कोणाला कळतंय" हे वाक्य तर अजून बोचतं. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ४थी बटालियन लढली. त्या पलटणीतल्या जवानांच्या घरची माणसं असा देखावा बघायला येतात. त्यांना गाडीतलं कळो न कळो, आपण खोटं मांडायचं नाही.

तुम्ही किटचं नावच काढलं नाहीत. पहिला प्रश्न केलात, "महिना कोणता?" मार्चअखेरीला जपान्यांनी तो रस्ता तोडला. तो मोकळा झाला २२ जून १९४४ ला, मैलाच्या १०९व्या दगडापाशी, कोहिमाकडून आलेली तुकडी आणि इम्फाळकडून निघालेली तुकडी भेटली तेव्हा. म्हणजे दिमापूरहून इम्फाळला रसद नेणारा ताफा एप्रिल-मेमध्ये दाखवला तर सगळा देखावाच चूक. जूनअखेर किंवा त्यानंतरचं चित्र घ्यायचं, म्हणजे भर पावसाळा, आणि पावसाळा म्हटला की चिखल, चाकांना साखळ्या, हौद्यावर ताणून बांधलेली ताडपत्री आली. त्या एका प्रश्नाने गाड्यांचं अर्धं रूप ठरून गेलं.

दुसरा प्रश्न होता, "माल काय?" त्यावरून गाडी ठरली. कॅनडात फोर्ड आणि शेवरले या दोघांनी एकाच लष्करी नमुन्यावर बांधलेल्या, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) गाड्या भारतीय सैन्यात सर्रास होत्या. नावातलं पहिलं अक्षर कारखान्याचं, सी म्हणजे शेवरले आणि एफ म्हणजे फोर्ड. पुढचा आकडा गाडी वाहते त्या वजनाचा, हंड्रेडवेटमध्ये. एक हंड्रेडवेट म्हणजे सुमारे ५०.८ किलो, म्हणून सी१५ए पाऊण टनी आणि सी६०एल तीन टनी. साधी सी१५ फक्त मागच्या चाकांवर चालते, सी१५ए चारही चाकांवर, तेव्हा डोंगरातल्या चिखलाच्या रस्त्यावर सी१५एच लावायची. आटा, पेट्रोलचे डबे, दारूगोळ्याच्या पेट्या असा जड माल तीन टनी गाडीवर, आणि माणसं व किरकोळ सामान सी१५एवर. याच सीएमपी चॅसीवर भारतात चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग कॅब. सुरुवातीच्या ११ आणि १२ नंबरच्या कॅबची पुढची काच उभी असते. १३ नंबरच्या कॅबमध्ये तिचा वरचा काठ पुढे झुकलेला असतो, आकाशाचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. १९४४ च्या ताफ्यात बहुतेक गाड्या १३ नंबरच्या, मध्येच एखादी जुनी कॅब टिकून राहिलेली, हे प्रमाण तुमचंच. आयबीजी या किट कंपनीने सी१५ए जुन्या आणि नव्या दोन्ही कॅबमध्ये काढली आहे. खोक्यावर फक्त "शेवरले" वाचून घेतलं की इथेच फसगत होते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पाकिटात पत्राबरोबर पुठ्ठ्याची एक पट्टी निघाली. बोटभर रुंद, कोपरे गोल कापलेले, आणि हाताच्या घामाने पेन्सिल पुसू नये म्हणून दोन्ही बाजूंना पारदर्शक टेप. एका बाजूला सहा फुटी माणूस चार स्केलमध्ये: १:३५ ला ५२ मिलिमीटर, १:४८ ला ३८, १:७२ ला २५.४, १:७६ ला २४. मागच्या बाजूला १:३५ चे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये: सी१५ए ७३, सी६०एल ११५, सीसीकेडब्ल्यू-३५३ ११९, तिचीच आखूड बहीण सीसीकेडब्ल्यू-३५२ १०५. खाली बारीक अक्षरात, "सहा चाकी गाडीत पुढच्या आसापासून मागच्या दोन आसांच्या मध्यापर्यंत मोजा." सल्ला दोन ओळींतही देता आला असता. समोरचा माणूस दुकानात उभा असेल, हातात खोकं असेल, आकडेमोड करायला सवड नसेल, एवढा विचार करून तुम्ही ती पट्टी आखलीत. अनोळखी माणसासाठी एवढं कोण करतं!

त्या पट्टीचा उपयोग हौशी मंडळींना कळावा म्हणून लिहितो. स्प्रूवर, म्हणजे किटचे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर, चॅसीचा लांब तुकडा एकसंध असतो. पिशवी न फोडताही त्यावर पट्टी धरून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्यांमधलं अंतर घेता येतं. १:७२ आणि १:७६ एकत्र मांडणाऱ्यांची चूकही इथेच पकडली जाते. सीसीकेडब्ल्यू-३५३ साधारण ६.५ मीटर लांब, म्हणजे १:७२ ला ९० मिलिमीटर आणि १:७६ ला ८६. चार-पाच मिलिमीटरचा फरक एकट्या गाडीत लपतो, पण शेजारी माणूस उभा केला की दरवाज्याची उंची लगेच डोळ्यात येते.

बांधणीतल्या तुमच्या सूचनाही मोलाच्या होत्या. चॅसी काचेवर ठेवून चिकटवायची, चारही चाकं टेकलेली पाहायची आणि डिंक पक्का वाळेपर्यंत, निदान रात्रभर, हलवायची नाही. नाहीतर फ्रेम पिळवटते आणि एक चाक कायमचं अधांतरी राहतं. किटमधले पाटे रिकाम्या गाडीचे असतात. हौदा भरलेला दाखवायचा तर मागचे पाटे सपाट करून १:३५ ला दीड-दोन मिलिमीटर खाली बसवायचे. हे न केल्यामुळे कितीतरी सुंदर मॉडेलांत पेट्या पोकळ वाटतात. मऊ व्हिनाइल टायरमधलं तेल रिमच्या प्लास्टिकला वर्षांनंतर वितळवतं, म्हणून रिमला आधी वॉर्निशचा थर द्यायचा, जमलं तर रेझिनची चाकं घ्यायची. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल, पण दोऱ्या आधी बांधून मग ओलं करायचं, म्हणजे झोळ दोऱ्यांच्या ताणाप्रमाणे पडतो.

रंगाचा घोळही तुम्हीच सोडवलात (एससीसी हे ब्रिटिश लष्करी रंगांचे क्रमांक). युरोपातल्या गाड्यांना एप्रिल १९४४ पासून एससीसी १५ ऑलिव्ह ड्रॅब, बर्मा आघाडीला एससीसी १३ जंगल ग्रीन. जुन्या एससीसी २ तपकिरीवर नवा हिरवा चढवलेली गाडी असेल, तर कडांना खालचा तपकिरी दाखवायचा, चंदेरी नाही. डिव्हिजनचं चिन्हही तपासून लावायचं: १७वीचं काळं मांजर, २३वीचा लाल कोंबडा, ५वीचा लाल गोळा. डेकलच्या (चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) पानावर आहे म्हणून चिकटवलेलं चिन्ह सगळा अभ्यास पाण्यात घालतं.

काका, या छंदात माहिती कोंडून ठेवणारे पुष्कळ भेटतात. विचारलं तर "अनुभवाने येतं" म्हणतात, आणि चूक झाली की चारचौघांत दाखवतात. तुम्ही आधी प्रश्न विचारलेत, ऐकून घेतलंत, आणि एकदाही "एवढंही माहीत नाही?" असा सूर लावला नाहीत. जाणकाराने असंच असावं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून नव्याने येणारे टिकतात.

पुढचं काम सी६०एलच्या पाण्याच्या टाकीचं आहे. बॅफल (टाकीत पाणी हिंदकळू नये म्हणून बसवलेले आडवे पत्रे) कुठे येतात याचं तुमचं रेखाटन मिळालं, त्याच मापाने पत्रा कापायला घेतला आहे. टाकीच्या झाकणाची बिजागरी पुढे की मागे, एवढंच कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपला ऋणी,
इम्फाळ रस्त्याच्या देखाव्यावरचा तुमचा एक विद्यार्थी