वीटभट्टीवरच्या पोरांना जंताची गोळी कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला जंतांवरचा लेख वाचला. रात्रभर तो डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतली आहे, ती मान्य. पण लेखासोबतच्या चौकटीत जंत होण्याची जी कारणे दिली आहेत, नखे न कापणे, हात न धुणे, उघड्यावरचे खाणे आणि सगळ्यांत शेवटी ‘पालकांचे अज्ञान’, ती वाचून राग आवरेना. एक बाई डोळ्यांपुढे आली. तिच्याबद्दलच लिहिते.

रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा मी २८ वर्षे सांभाळली. संडास तपासणीचा नमुना आमच्याकडे काडेपेटीतून यायचा. आत पानाचा तुकडा, वरून दोरा गुंडाळलेला. डब्या दिल्या तरी लोक काडेपेटीच आणत, कारण डबी घरात दुसऱ्या कामाला येते.

२०१६ च्या फेब्रुवारीत, जंतनाशक दिन होऊन चार-पाच दिवस झाले असतील, एक कातकरी बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. नदीकाठच्या वीटभट्टीवरून चालत. पोर माती खाते, एवढीच तक्रार. मुलीच्या पापण्यांच्या आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन ५.८ भरले. हिमोग्लोबिन मोजायची साहलीची नळी मी दोनदा लावून पाहिली, कारण माझाच विश्वास बसेना. मग काडेपेटी उघडली. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या जंताची, म्हणजे गोल जंताची, तपकिरी, खडबडीत कवचाची अंडी तर होतीच, पण जिथे काच सरकवावी तिथे हुकवर्म या रक्त पिणाऱ्या बारीक जंताची अंडी दिसत होती. पातळ, काचेसारखे कवच आणि आत चार-चार पेशींचा पुंजका. हा हुकवर्म आतड्याला दात लावून बसतो आणि जातीप्रमाणे रोज ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त खातो. एक असेल तर कळतही नाही. शे-दोनशे असले की सहा वर्षांच्या पोरीत उरणार काय?

डॉक्टरांनी गोळी दिली, लोहाचे औषध लिहिले आणि बाईला झापले. नखे बघ पोरीची, हात धुवायला शिकव, एवढेही कळत नाही का? बाई खाली बघत म्हणाली, “पानी मालक चिखलाला देतो, सायेब. आमाला दोन हंडे येतात, त्यात सैपाक करू का हात धू?”

संपादक महाराज, तुमच्या चौकटीत या दोन हंड्यांना कुठे जागा आहे?

जंताचे अंडे शौचावाटे बाहेर पडल्या पडल्या कुणाला लागत नाही. मोठ्या जंताच्या अंड्याला ओल्या, सावलीतल्या मातीत दोन-तीन आठवडे मुरावे लागते, तेव्हा ते पोटात जाऊन जंत धरते. या मोठ्या जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. हुकवर्मचे तर नखांशी फारसे देणेघेणेच नाही. त्याची अळी आठवड्याभरात मातीत तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून सरळ आत शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि घशातून पोटात. पाय जिथून टोचला तिथे खाज सुटते. बायका म्हणतात चिखल्या झाल्या आणि मेंदी लावतात. भट्टीवर पन्नास-साठ माणसे दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत राहतात. शौचाला आडोसा एकच, ओढ्याकाठची झुडपे. रोज तीच सावली, तीच ओल आणि तेच अनवाणी पाय. त्या पोरीने दहा बोटांची नखे रोज कापली असती तरी पायातून शिरणारी अळी थांबली नसती. तिला चप्पल हवी होती, संडास हवा होता आणि पाणी हवे होते. तिघांतले एकही तिच्या आईच्या हातात नव्हते. आई-बापाने उचल घेतलेली, भट्टी सोडून जाताही येत नाही.

आता गोळीचे. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू झाला, १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी गोळी चुरून. चांगली मोहीम आहे, मी स्वतः तिच्यात राबले आहे. पण पहिली फेरी असते १० फेब्रुवारीला. त्या वेळी कातकऱ्यांची पोरे वाडीवरच्या शाळेत नसतात, भट्टीवर असतात. वाडीवरच्या शाळेच्या पटावर नाव आहे पण पोर नाही, भट्टीवर पोर आहे पण नाव नाही. राहिलेल्यांसाठी पुढे एक दिवस ठेवलेला असतो, तोही त्याच याद्या घेऊन. त्या मुलीला गोळी मिळाली ती आईने पायपीट केली म्हणून. भट्टीवर तिच्यासारखी आणखी एकोणीस मुले असल्याचे मी आईकडूनच ऐकले. कपाटात गोळ्या शिल्लक होत्या. भट्टीवर जाऊन देऊ का, असे मी वर विचारले. ती मुले आपल्या लोकसंख्येत येत नाहीत, असे उत्तर आले. मी पुन्हा लेखी विचारले, त्याला उत्तरच आले नाही. मे महिन्यात भट्टी उठली, झोपड्या मोडल्या आणि माणसे निघून गेली. त्या पोरीचे हिमोग्लोबिन पुढे किती झाले, हे मला आजतागायत माहीत नाही. आमच्या अहवालात मात्र त्या फेरीचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद आहे. त्या अहवालावर माझीही सही आहे आणि त्याची मला लाज वाटते.

आणि गोळीने पोटातला जंत मरतो, मातीतला नाही. माती तशीच राहिली की बरीचशी मुले वर्षभरात पुन्हा होती तिथे येतात. विटा थापणारे आई-बाप तर या मोहिमेत धरलेलेच नाहीत, आणि हुकवर्मचा भार मोठ्या माणसांतच जास्त असतो. म्हणजे पोराला गोळी द्यायची आणि त्याच झुडपात त्याला परत सोडायचे.

शौचालये बांधली की झाले, असे लेखात सुचवले आहे. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. भट्टी मात्र कुठल्याच ग्रामपंचायतीच्या हिशेबात नव्हती. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या शंभर गावांत अभ्यास झाला होता. तिथे शौचालये असलेली घरे ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली, तरी जंतांचे प्रमाण घटले नाही. घरे वेगळी असली तरी माती सगळ्यांची एकच असते, आणि पाण्याविना बांधलेल्या शौचालयात लोक लाकडे ठेवतात. मी रायगडातही पाहिले आहे.

पाण्याचेही तेच. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकले आणि पाण्यातले क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला की पाणी शुद्ध, असे आपण धरून चालतो. रोजच्या मात्रेतल्या क्लोरीनला जिआर्डिया या जुलाब लावणाऱ्या सूक्ष्म परजीवीचे कवच सहजी दाद देत नाही, जंताची अंडी तर त्याहून चिवट. पाणी उकळले की दोन्ही मरतात. उकळायला सरपण लागते आणि सरपणाला वेळ. पहाटे चारला चिखल तुडवायला उभ्या राहणाऱ्या बाईकडे तो वेळ कुठला?

माझे मागणे मोठे नाही. फेब्रुवारीच्या फेरीत प्रत्येक तालुक्याने आपल्या हद्दीतल्या भट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या आणि ऊसतोडीचे तळ यांची यादी करावी आणि गोळ्या तिथे न्याव्यात, मोठ्यांनाही द्याव्यात. भट्टीला परवानगी देताना पाणी आणि संडास आहे की नाही ते जागेवर जाऊन पाहावे. आणि आरोग्य केंद्रांतल्या प्रयोगशाळांत रिकामी पडलेली पदे भरावीत. काडेपेटी उघडणाराच नसेल तर नुसत्या पांढऱ्या पापण्या बघून लोहाच्या गोळ्या वाटत राहावे लागते.

आणखी एक. लेखासोबत पोट फुगलेल्या उघड्या मुलाचा फोटो छापला आहे. चेहरा स्वच्छ ओळखू येतो. एखाद्या सोसायटीतल्या मुलाचा असा फोटो आपण छापला नसता. या मुलाच्या आईला विचारले होते का, ते कृपया पुढच्या अंकात कळवावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. रायगड