सगळं खापर उन्हावर फोडू नका

महोदय,

उन्हाळ्यात गरोदर बायांनी काय खावं-प्यावं, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ताक, नारळपाणी, दुपारची विश्रांती, सगळं ठीक. पण दवाखाना कधी गाठायचा, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. माझी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, म्हणून लिहिते.

नागपुरात मे महिन्यात काहीही झालं की ऊन लागलं म्हणायची सोय आहे. डोकं दुखलं, ऊन. चक्कर आली, ऊन. मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीत माहेरी आलेल्या एका लेकीचं डोहाळजेवण होतं. हिरव्या बांगड्या हातात चढेनात, अंगठी साबण लावूनही निघेना. बाया म्हणे, चेहऱ्यावर काय तेज आलंय! तेज कुठलं, सूज होती ती. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला, अन् तो भरेचना. विचारलं तेव्हा कळलं, सकाळपासून डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, उजव्या बरगडीखाली दुखतंय. आईनं पित्ताची गोळी दिली होती. "उन्हाचंच आहे बाप्पा ते," मावशीनं निकाल दिला. घरून बीपीचं यंत्र आणून लावलं, 160 आणि 110. वाढलेली ताटं तशीच सोडून तिला ऑटोत बसवलं. बाळ वेळेआधी काढावं लागलं, पण आज मायलेकरू दोघंही बरी आहेत.

पाचवा महिना सरल्यावर वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. 160 किंवा 110 ला पोचला तर सकाळ होण्याचीही वाट बघू नये. असा बीपी अंगावर काढला तर झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. नुसते पाय संध्याकाळी सुजणं बहुतेकींना होतं, त्याची एवढी धास्ती नको. चेहरा आणि हात सुजले, किंवा सुजेबरोबर डोकं दुखायला लागलं, तर मात्र थांबू नका. बाळंत झाली म्हणजे सुटली, असंही नाही. सव्वा महिन्याच्या आत डोकं असं ठणकलं तर कपाळाला फडकं बांधून निजवू नका, आधी बीपी बघा.

अंगावरून रक्त गेलं तर ते डागाएवढं का असेना, पोटात दुखत नसलं तरी दाखवायचंच. कळा नसताना पाणी गेलं, ताप आला, बसल्या जागी धाप लागली, तरी तेच. आणि शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, हे कुणी पसरवलं देव जाणे! नवव्या महिन्यातही बाळ रोजच्यासारखंच हलायला हवं. हालचाल मंदावली असं बाईला वाटलं, की सासूच्या, शेजारणीच्या मताची गरज नाही. तिला वाटलं तेवढं पुरे.

यातलं बरंच माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रांसकट छापलेलं असतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि कार्ड, सोनोग्राफीचे कागद सासरच्या कपाटात कुलुपात! रात्री दोनला डॉक्टर हिमोग्लोबिन विचारतात तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. लेकीला आणायला जाल तेव्हा बॅगेत आधी ती फाइल घाला, मग साड्या. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, तिथेही ती लागते. आणि रात्री गाडी हवी असेल तर 102 किंवा 108 ला फोन करा, पैसे पडत नाहीत. जावईबापू पुलगावहून निघालेत, पोचतीलच, म्हणून बसून राहू नका.

— एक निवृत्त परिचारिका, मानेवाडा, नागपूर