मिशन ट्रिपला निघण्याआधी बायबलमधील नहेम्या वाचावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांची मुले सुटीत करीत असलेल्या स्वयंसेवेविषयी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता आणि चर्चच्या तरुण संघांबरोबर ‘मिशन ट्रिप’ला, म्हणजे सेवेसाठी काढलेल्या सहलीला, जाणाऱ्या मुलांचाही त्यात उल्लेख होता. त्यावर एका वाचकांनी या सहली म्हणजे धर्मांतराचाच गोड प्रकार असल्याचे कळवले, तर दुसऱ्या वाचकांनी आपल्या मुलांना अशी सेवावृत्ती कोणी शिकवत नाही, असा खेद व्यक्त केला. मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून वळत नाही), मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलेली, मुंबईत तीस वर्षे समाजकार्य करून निवृत्त झालेली आणि हल्ली उन्हाळ्याचे काही महिने शिकागोच्या एका उपनगरात मुलीकडे राहणारी बाई आहे. गेल्या जुलैत नातीच्या चर्चचा तरुण संघ शिकागो शहरातील नॉर्थ लॉनडेल या वस्तीत आठवडाभर राहिला, तेव्हा स्वयंपाकाला मदत आणि मुलींबरोबर कोणी वडीलधारे माणूस हवे म्हणून मीही गेले होते. त्या आठवड्याच्या अनुभवावरून दोन्ही पत्रलेखकांचे म्हणणे मला अपुरे वाटते.

प्रथम धर्मांतराविषयी. महाराष्ट्रात ‘मिशन’ हा शब्द उच्चारताच जी शंका मनात येते तिला इतिहास आहे, आणि मिशन कंपाउंडात बालपण गेलेल्या मला ती परकी नाही. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये ती शंका बाळगण्याचे कारण नाही, कारण पूर्वीच्या सिनॅगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांच्या) भव्य इमारतींपासून बंद दुकानांच्या गाळ्यांपर्यंत तेथे इतकी चर्च आहेत की ख्रिस्ताचे शुभवर्तमान न ऐकलेला माणूस शोधावा लागेल. बुधवारच्या प्रार्थनासभेत उपनगरातून आलेली आमची मुले घड्याळाकडे पाहत होती आणि यजमान मंडळीतील (म्हणजे तेथल्या चर्चच्या सभासदांतील) आजीबाई दीड तास उभ्या राहून गात होत्या. धर्म शिकवण्याचाच प्रश्न असता तर तो त्या आजीबाईंनी आमच्या मुलांना शिकवायला हवा होता. तेव्हा या सहलींना हरकत घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या मुद्द्यावर घ्यावी. ज्या वस्तीच्या मदतीला ही मुले जातात ती वस्ती अशी का झाली हे त्यांना कोणी सांगते का, आणि त्यांनी तेथे काय काम करायचे हे ठरवतो कोण?

नॉर्थ लॉनडेल हा भाग शिकागोच्या मध्यवस्तीपासून पश्चिमेला जेमतेम आठ किलोमीटरवर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे मुख्यतः ज्यू कुटुंबे राहत असत, आणि टपालाने घरोघर माल पाठवणाऱ्या सीअर्स या कंपनीचे मुख्यालय व अवाढव्य कोठारही तेथेच होते. १९५० मध्ये वस्तीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १३ टक्के होते, ते १९६० मध्ये ९१ टक्के झाले. त्या वर्षी तेथील लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात होती. आज ती ३५ हजारांच्या आसपास आहे. शहरांतील घरांचा प्रश्न ऐरणीवर आणण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ च्या जानेवारीत याच वस्तीतील हॅमलिन ॲव्हेन्यूवरच्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत राहायला आले होते. दोन वर्षांनी त्यांची हत्या झाली, त्यानंतरच्या दंगलीत येथील दुकाने जळाली, सत्तरच्या दशकात सीअर्सचे मुख्यालय शहरातील नव्या उंच मनोऱ्यात गेले आणि आसपासचे मोठे कारखानेही बंद पडत गेले. दंगल आणि बेकारी एवढी दोन कारणे आमच्या मुलांना दिलेल्या माहितीपत्रकात होती. त्यांच्याही आधीचे कारण मात्र मुलांना एका ओट्यावर कळले.

मंगळवारी मुलांना एका मोकळ्या भूखंडावरचे तण काढण्याचे काम दिले होते. शेजारच्या घराच्या ओट्यावर ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मुलांना जवळ बोलावले आणि या जागेवर तुम्हाला काय दिसते, असे विचारले. काहीच नाही, असे एक मुलगा म्हणाला. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की येथे करड्या दगडाचे दुमजली घर होते, त्यातल्या कुटुंबाने नऊ वर्षे हप्ते भरले होते आणि दहाव्या वर्षी ते कुटुंब सामानासकट फूटपाथवर आले.

त्यांनी जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे जे नकाशे तयार केले त्यांत कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले भाग लाल रंगाने दाखवले गेले, आणि १९३४ मध्ये स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन अशा भागांतील गृहकर्जांना विम्याचे संरक्षण देत नसे, त्यामुळे बँकाही तेथे कर्ज देत नसत. या कोंडीचा फायदा दलालांनी उठवला. आता येथे काळे लोक येणार, अशी भीती घालून ते गोऱ्या कुटुंबांची घरे पडेल भावाने घेत आणि तीच घरे कृष्णवर्णीय कुटुंबांना बहुधा दुप्पट किमतीला ‘करारावर’ विकत. करारातील मेख अशी की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर राही. दुरुस्ती आणि कर यांचा भार घेणाऱ्यावर, आणि एखादा हप्ता चुकला तर घरही जाई आणि तोवर भरलेली सगळी रक्कमही. मग हप्ते भरण्यासाठी नवरा-बायको दोन-दोन नोकऱ्या करणार, घरात पोटभाडेकरू ठेवणार, छताची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलणार, आणि मग बाहेरचे लोक म्हणणार की या माणसांना घरे नीट ठेवता येत नाहीत. मला हे समजायला वेळ लागला नाही. १८७५ मध्ये ज्या पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यांपैकी नगर जिल्ह्यात मी वाढले आहे. कागदावरच्या अंगठ्याने जमीन कशी जाते हे आमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतूनच कळत असे.

या कराराविरुद्धची लढाई ज्या प्रकारे सुरू झाली तिच्याकडे मला तरुण संघांच्या पालकांचे आणि पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) खास लक्ष वेधायचे आहे, कारण तिच्या प्रारंभीही एक ख्रिस्ती तरुण गटच होता. १९६७ च्या सुमारास जॅक मॅकनमारा नावाचा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात धर्मशिक्षण घेणारा तरुण काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन लॉनडेलमध्ये राहायला आला. प्रेझेंटेशन या कॅथलिक चर्चचे फादर जॅक ईगन यांचा त्यांना आधार होता. ही मुले गोरी, बाहेरची आणि अननुभवी होती, म्हणजे आमच्या मुलांपेक्षा फार वेगळी नव्हती. पण त्यांनी घरोघर जाऊन लोकांशी बोलण्यापासून सुरुवात केली, आणि ‘करार’ हा शब्द पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागल्यावर मालमत्तेच्या नोंदी धुंडाळून दलालाने घर केवढ्याला घेतले आणि केवढ्याला विकले याचे हिशेब जुळवले. तोवर ज्याने त्याने आपण एकटेच फसलो अशी समजूत करून घेऊन लाजेने तोंड मिटले होते. ते आकडे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलले जाऊ लागले, १९६८ मध्ये रहिवाशांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ स्थापन केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हप्ते रोखून धरण्याचा संप सुरू झाला. कित्येक कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढले आणि पुढे न्यायालयातील मोठे दावेही हरले. तरी शेकडो करार नव्याने, कमी किमतीला करून घेण्यात रहिवाशांना यश आले. विद्यार्थ्यांनी कागद शोधले आणि लोकांच्या पुढाकाराला हात दिला. पुढारीपण मात्र रूथ वेल्स, क्लाइड रॉस यांच्यासारख्या तेथल्याच घरमालकांकडे राहिले.

हे ऐकताना मला बायबलमधील नहेम्याची आठवण झाली. आमच्या शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गात) त्याने यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत बांधला एवढेच पाठ करून घेत. पण त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात असेही लिहिले आहे की तेथे पोहोचल्यावर तीन दिवस त्याने आपला हेतू कोणालाही सांगितला नाही आणि मग रात्री मोजक्या माणसांना घेऊन पडका तट आणि जळालेल्या वेशी स्वतः हिंडून पाहिल्या. आमच्या गटाचे वेळापत्रक मात्र उपनगरातच, एप्रिल महिन्यात, तासातासाने आखले गेले होते: सोमवारी रंगकाम, मंगळवारी तण, बुधवारी मुलांसाठी खेळ. ऐकण्यासाठी त्यात एकही तास नव्हता, आणि त्या गृहस्थांच्या ओट्यावर मुलांचे दीड तास गेले तेव्हा सोबतच्या एका प्रौढ कार्यकर्त्याने काम मागे पडल्याबद्दल नाराजीही दाखवली. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला केलेल्या कामाचे फोटो मंडळीला दाखवायचे होते, कारण मंडळीने पैसे दिले होते.

बाहेरून आलेल्यांनी काहीच करू नये, असे माझे म्हणणे आहे असा कोणी समज करून घेऊ नये. ज्या शाळेने मला माझा व्यवसाय दिला तिचा उगमच अशा एका आगंतुकात आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले, आणि चाळी, गिरण्या व कामाठीपुरा यांच्या सान्निध्यातील नागपाड्यात त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ चालवले. धर्मांतर हा त्या केंद्राचा उद्देश नव्हता. वस्तीचा सतत अभ्यास करणे आणि तेथील सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र येण्यासाठी जागा देणे हे त्याचे काम होते. नागपाड्यातील बास्केटबॉलच्या परंपरेची पाळेमुळेही त्या अंगणाशी जोडलेली आहेत. तेथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी विद्यालय सुरू झाले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज ती संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून देवनारला आहे. मॅनशार्ट आठवडाभरासाठी आले नव्हते, हा फरक अर्थातच मोठा आहे. लॉनडेलमध्येही हेच दिसते. वेन गॉर्डन हे तेथल्या शाळेत अमेरिकन फुटबॉल शिकवायला आले, तेथेच घर करून राहिले, आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शाळकरी मुलांतून १९७८ मध्ये लॉनडेल ख्रिश्चन कम्युनिटी चर्च उभे राहिले. त्या मंडळीने १९८४ मध्ये सुरू केलेले आरोग्यकेंद्र आज त्या भागाचा मोठा आधार आहे.

मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या एका आठवड्याचे काय करायचे? माझ्या मते त्या आठवड्याला सेवा म्हणण्याऐवजी शिक्षण म्हणावे, आणि शिक्षणाची फी द्यावी तसे यजमान मंडळीला मानधन द्यावे. आमच्या गटाचा प्रवास, टी-शर्ट, रंग आणि जेवण यांवर जो खर्च झाला त्याचा काही भाग तेथल्याच मुलांना उन्हाळी काम देण्यासाठी वापरला असता तर भिंत अधिक नीट रंगली असती, कारण आमच्या मुलांनी खिडकीच्या काचांनाही सढळ हाताने रंग दिला होता. दुसरे असे की त्या वस्तीतील मुले हातावर हात धरून बसलेली नाहीत. तेथल्या मोठ्या उद्यानाला गुलामगिरीचे समर्थन करणारे सिनेटर स्टीफन डग्लस यांचे नाव होते. ते बदलून गुलामगिरीतून निसटून पुढे तिच्याविरुद्ध झगडलेले फ्रेडरिक डग्लस आणि त्यांच्या पत्नी ॲना यांचे नाव द्यावे यासाठी शिकागोतील शाळकरी मुलांनी काही वर्षे पाठपुरावा केला आणि २०२० मध्ये ते मान्य झाले. इंग्रजीत त्यासाठी शेवटी फक्त एक अक्षर वाढवावे लागले. आमची मुले रोज त्या पाटीखालून व्हॅनने जात होती आणि शनिवारपर्यंत त्यांना याचा पत्ता नव्हता.

माझ्या नातीविषयी आजीने अधिक लिहू नये, पण एवढे सांगते की परतल्यावर तिने मंडळीपुढे पाच मिनिटे बोलायचे होते तेव्हा तिने फोटो दाखवले नाहीत. त्या भूखंडावर कोण राहत होते आणि ते का गेले, एवढेच सांगितले. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. उपासनेनंतर एका काकांनी मला बाजूला घेऊन, मुलीने राजकारण आणायला नको होते, असे सुचवले. लुटून वाटेवर टाकलेल्या माणसाला परक्याने मदत केल्याच्या, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवरच्या लुटारूंविषयी विचारणेही राजकारणच ठरते की काय, असे माझ्या मनात आले. पण परक्या घरी पाहुणी असल्यामुळे मी ते तेथे बोलले नाही, येथे लिहीत आहे.

शेवटच्या दिवशी यजमान मंडळीच्या व्यवस्थापक बाईंना आमच्या पाळकांनी विचारले की पुढच्या वर्षी आम्ही काय करावे. त्या म्हणाल्या की जून-जुलैत आमच्याकडे दर आठवड्याला एक गट येतो आणि त्यांना काम पुरवणे हेच आमचे काम होऊन बसते. नोव्हेंबरात या, तेव्हा पाने गोळा करायची असतात, थंडीआधी वृद्धांच्या घरांच्या खिडक्या बंदिस्त करायच्या असतात, आणि तेव्हा कोणीच येत नाही. नोव्हेंबरात शाळा असते, फुटबॉलचे सामने असतात आणि थँक्सगिव्हिंगला सगळे आपापल्या गावी जातात, अशा अडचणी आमच्या समितीत मांडल्या गेल्या आहेत. मी भारतात परतले तोवर त्यावर निर्णय झालेला नव्हता.

आपली नम्र,
एक वाचक,
अहिल्यानगर